काल घरात गूळ आला

आई,

काल आपल्या घरात गूळ आला. थांब, लगेच कपाळाला हात लावू नकोस. मी आणला नाही, तुझ्या नातीनं आणला, आणि तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नाही. कसा आला आणि मग मी काय केलं ते सांगणारच आहे, पण त्याआधी मागचं सगळं एकदा सरळ बोलायचंय. तू होतीस तोवर बोलू दिलं नाहीस. मी बाबांचा विषय काढला की तू पदर खोचून भांडी घासायला बसायचीस, आणि त्या खडखडाटात कोण काय बोलणार! आता तुला भांडी घासता येणार नाहीत, तेव्हा ऐक.

कुर्ला सोडून आपण खांदा कॉलनीत आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी शाळेत होते. बाबांच्या शेठनं कुर्ल्याची फाउंड्री मोडायला काढली होती. मुंबईत कारखान्यांना जागा उरली नाही, असं जो तो म्हणायचा. जागा होती की, जिथल्या तिथेच होती. पण तिच्यावर लोखंड ओतण्यापेक्षा इमारती उभ्या केल्या तर शेठच्या पदरात जास्त पडणार होतं. एकेक करून भट्ट्या निघाल्या, रंगाचे कारखाने निघाले, औषधांचे निघाले, सगळे तळोज्याला. आणि त्यांच्या मागोमाग आपल्यासारखी बिऱ्हाडं नवीन पनवेलात. तुला ही जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. अर्ध्या इमारती रिकाम्या, मधे नुसतं गवत, संध्याकाळी वाऱ्यानं दारं आपटायची. तू गॅलरीत उभी राहून म्हणायचीस, "इथं माणसं कमी आणि सेक्टर जास्त." वारा फिरला की तळोज्याचा वास यायचा, कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी दवाखान्यासारखा, आणि तू वाळत घातलेले कपडे शिव्या देत आत ओढायचीस.

कुर्ल्याला बाबा साचे करायचे. तळोज्यात नवी मशीन आली आणि त्यांना दुसऱ्या खात्यात टाकलं. ओतलेलं लोखंड थंड झालं की त्याच्यावर जोरानं वाळू मारून ते साफ करायचं, बंद शेडमध्ये. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या. आम्ही हसायचो, आजोबा आले म्हणून. तेही हसायचे, आणि मग डब्याचा वरचा पुडा उघडून आमच्यासमोर धरायचे. त्यात कागदात गुंडाळलेला लिंबाएवढा गुळाचा खडा असायचा. दुपारच्या चहाबरोबर त्या खात्यातल्या प्रत्येकाला गूळ मिळायचा. बाकीच्या खात्यांना नाही, फक्त यांना. कशासाठी ते बाबांनी विचारलं नाही, तू विचारलं नाहीस, आणि आम्ही पोरं तर काय, मी आणि दादा, कागद चाटूनपुसून साफ करणारे!

तळोज्यानं दिलेली ही एकच चीज तुला मान्य होती. आमच्या तोंडात घालून उरलेला गूळ तू बरणीत साठवायचीस. त्याच गुळाच्या संक्रांतीला पोळ्या, त्याचाच कैरीचा गुळांबा, कुणाची बाई बाळंत झाली की त्याचेच डिंकाचे लाडू. "आमच्याकडे वाण्याचा गूळ येत नाही," असं तू शेजारणींना सांगायचीस तेव्हा कंपनीत बाबा मॅनेजर आहेत असं वाटावं. एक मात्र तुला फार खुपायचं. गूळ पातळ करून फडक्यातून गाळलास की फडक्यावर बारीक कच राहायची. तू ते फडकं मला दाखवायचीस. "बघ मेले! गुळात वाळू घालतात. गरिबाला काहीतरी धड द्यावं की नाही!" तू त्या न पाहिलेल्या व्यापाऱ्याचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करायचीस आणि फडकं नळाखाली झटकायचीस. आई गं, तो व्यापारी निर्दोष होता. वाळू शेडमधली होती. चिकट गुळाला ती चिकटायची, म्हणून आपल्याला दिसायची. बाकीची कुठे जात होती ते आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच.

मग तो मासळीवालीचा दिवस. करंज्याहून सुकी मासळी आणून कॉलनीत दारोदार विकायची ती, आठवते ना? धिप्पाड, हिरव्या लुगड्यातली, आवाज तीन मजले चढणारा. तिचा नवरा बाबांच्याच खात्यात होता. जमीन कारखान्यांत गेली, त्याच्या बदल्यात नोकरीला चिकटलेला. ती आपल्या उंबऱ्यावर टोपली ठेवून बसलीय, तू सुकट चाळून बघतेयस, आणि दादा आतून हातात गूळ घेऊन चाटत बाहेर येतो. तू कौतुकानं म्हणतेस, "कंपनीचा आहे, हे रोज आणतात पोरांना." तिचा हात टोपलीत तसाच राहतो. "आगो बाय," ती म्हणते, "तुमी पोरांना चारतां काय तो? तो मजेनं खायाचा गूल नाय. वालूची धूल छातीत बसते, ती गूल खाली उतरवतो. आमचा मानूस तिथंच उभा राहून खातो, घरी खडा आनीत नाय. तुमचा मानूस काय खातो मंग?" त्या दिवशी तू सुकट घेतली नाहीस. दार लावलंस आणि दादाच्या हातातला गूळ असा काही हिसकावलास की त्याच्या बोटाला तुझं नख लागलं. तो रडायला लागला. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, बरणीकडे बघत होतीस.

तोवर बाबांचा खोकला सुरू झाला होता. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायला लागले होते, कुणी दिसलं की बुटाची लेस बांधायला वाकायचे. तुला वाटलं, अजून वेळ गेली नाही. त्या रात्री तू ती अख्खी बरणी त्यांच्या ताटात उपडी केलीस. "हे काय?" ते म्हणाले. "खा," तू म्हणालीस. त्या दिवसापासून आपल्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? सकाळी दुधात गूळ, भाकरीबरोबर गूळ, झोपताना गूळ. कंपनीतला तिथेच खायचा, घरी आणलात तर बघा, अशी शपथ घातलीस. वाण्याकडून ढेप आणलीस, तीही त्यांच्यासाठी. ते खात असताना तू समोर उभी राहायचीस, गिळल्याशिवाय हलायची नाहीस. आणि आम्ही दोघं जणू चोर! संक्रांतीला शेजारणीनं माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली, ती तू माझ्या मुठीतून काढून त्यांच्याकडे नेलीस. मी आता मोठी झाले होते, मला इतका राग आला, वाटलं, ही बाई वेडी झाली. तुला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तुला वाटत होतं, इतक्या वर्षांचा त्यांच्या पोटात न गेलेला गूळ तू भरून काढशील.

कसला भरून निघतोय! पनवेलच्या डॉक्टरनं टीबी सांगितला. लाल गोळ्या आल्या, लघवी लाल झाली, त्यांचा पेला वेगळा झाला, शेजारणी दारातूनच बोलायला लागल्या. कंपनीनं त्यांना बरे होईपर्यंत घरी बसा म्हटलं, आणि बरे ते होणार नव्हते. खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसायचे, कारण आडवं झालं की श्वास मिळायचा नाही. शेवटच्या पावसाळ्यात एकदा तू हातात खडा घेऊन उभी होतीस आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी दारात होते. ते म्हणाले, "अगं, पुरे. मला मुळात गूळ आवडतच नाही. कधीच आवडला नाही. म्हणून तर घरी आणायचो." एवढं बोलायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. स्वयंपाकघरात आलीस, ओट्याला धरून उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "गुळाच्या पोळीवर तुपाची वाटी उपडी करणारा माणूस. मला खोटं सांगतो." मग रडलीस. बाबा गेले तेव्हा नाही रडलीस इतकी तेव्हा रडलीस.

दहाव्याला गाढी नदीवर पिंडाला कावळा शिवेना. समोर झाडावर बसलेत, ओरडतायत, खाली उतरत नाहीत. ऊन चढलं. काकांनी सांगितलं, मुलीचं लग्न मी करून देईन. नाही उतरले. दादा म्हणाला, आईला कधी अंतर देणार नाही. नाही. मामा म्हणाले, पोराला नोकरीला लावतो, काळजी करू नका. तरी नाही. लोक घड्याळं बघायला लागले. तू मागे बायकांत होतीस. एकाएकी तिथून चालत पुढे आलीस, भटजी अहो अहो म्हणत राहिले, आणि तू पिंडासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणालीस, "ह्यापुढे आपल्या घरात गूळ येणार नाही. कुणी खाणार नाही." आणि कावळा आला. एक आला, त्याच्यामागे तीन आले. काका माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होते, गुळाचं काय मधेच? मी काय सांगणार! मला कावळ्याचा राग आला होता. मेल्याला अजून थोडा वेळ तिकडेच बसता आलं असतं. तो आला आणि त्यानं तुला शिक्षा देऊन टाकली.

त्यानंतर आपलं घर साखरेचं झालं. साखरेच्या पुरणपोळ्या, आमटीत साखर, संक्रांतीला पांढरा हलवा. पाहुणे विचारायचे, साखरेपेक्षा गूळ बरा असतो ना, आणि तू शांतपणे सांगायचीस, "आम्ही ह्यांचा गूळ खाल्ला. तिघांनी मिळून." जसं कुणी आमचं गाव अमुक म्हणून सांगतं, तसं. लोक खाली बघून खायला लागायचे. मीही.

मग मला त्या एक्स-रेवाल्या डॉक्टरांकडे नोकरी लागली. रिपोर्ट टाइप करायचे, बाहेर बसलेल्यांना आत सोडायचं. तळोज्याची माणसं यायची, तशीच, जिन्यावर थांबणारी. एकदा डॉक्टर एका फिल्मकडे बघत नुसते उभे राहिले आणि मला विचारावंसं वाटलं. मी म्हटलं, सर, ह्या लोकांना कंपनीत गूळ देतात, तो खाल्ला नाही तर असं होतं का? ते वळून बघायला लागले, मी थट्टा करतेय की काय म्हणून. मग त्यांनी मला नीट सांगितलं. "अन्नाची नळी वेगळी, श्वासाची वेगळी. गूळ जातो पोटात, धूळ बसते इथे. दोघांची भेटच होत नाही." मी म्हटलं, मग टीबी? म्हणाले, दिसायला तसंच दिसतं, गोळ्या देऊन मोकळे होतात लोक. ही वाळू आहे, एकदा बसली की निघत नाही. मी त्या दिवशी नवीन पनवेलच्या पुलावरून जवळजवळ धावत आले, आई. मला आनंद झाला होता! बाबांच्या छातीत दगड झाला होता हे ऐकून मुलीला आनंद होतो, काय म्हणावं! पण मला वाटत होतं, तुझ्यासाठी सुटका घेऊन चाललेय.

तू भांडी घासत होतीस. मी चप्पलसुद्धा न काढता सांगितलं. गुळानं काही होत नाही, त्यांनी ढेपच्या ढेप खाल्ली असती तरी तेच झालं असतं. तू विचारलंस, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, डॉक्टर. तू राखेचा हात फिरवत राहिलीस. मी म्हटलं, मासळीवालीचा नवरा तर रोज उभ्या उभ्या खायचा, तो नाही का गेला आपल्या बाबांच्या पुढच्याच वर्षी? तू म्हणालीस, "तो प्यायचा." मी कपाळाला हात लावला. मग तू मान वर केलीस. "गुळानं काही होत नाही, तर मग वाटायचे कशाला? एवढी मोठी कंपनी, रोजच्या रोज एवढ्या माणसांना गूळ वाटते, ते काय उगीच? येडे होते का ते?" आणि मी रागात बोलून गेले, "येडे नव्हते. तोंडावर बांधायला धड काही द्यायला नको, हवा काढून टाकायला पंखे बसवायला नकोत, म्हणून गूळ. गूळ स्वस्त पडतो." तुझा हात थांबला. ताट तसंच धरून तू इतक्या हळू बोललीस की मला वाकावं लागलं. "म्हणजे कंपनीवाल्यांना माहीत होतं?" असेल, म्हटलं. तू ताट खाली ठेवलंस. मग म्हणालीस, "नाही. तसं कुणी करत नाही माणसांना. गूळ आपणच खाल्ला," आणि नळ पूर्ण सोडलास. त्यानंतर आपण दोघी वीस वर्षं एका घरात राहिलो, पण तू हा विषय परत कधी निघू दिला नाहीस.

मी खूप चिडले होते तुझ्यावर. मला वाटायचं, हिला दोष हवाच आहे, त्याशिवाय हिला करमत नाही. आता वाटतं, दोष तुझा होता तोवर निदान बाबांना वाचवण्यासारखं काही होतं. एक खडा होता, तो त्यांच्या तोंडात जायला हवा होता, नाही गेला. तो काढून घेतला तर तुझ्या हातात राहिलं काय? एक शेड, एक शेठ, आणि रोज सकाळी तूच डबा भरून पाठवलेला नवरा.

तुझ्या दहाव्यालाही कावळा शिवेना, हे तुला कळलं असेलच. आता तिकडे कावळेच कमी झालेत म्हणा, सगळीकडे टॉवर झाले. दादानं पुण्याहून येऊन सगळं सांगून पाहिलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आम्ही नवरा-बायको शेवटपर्यंत तुझ्याजवळ राहिलो ना, तेव्हा मलाच माहीत असणार तुझं कशात अडकलंय. माहीत होतंच. मी पुढे झाले आणि मनात म्हटलं, आई, चूक तुझी नव्हती. पुन्हा म्हटलं. मोठ्यानंसुद्धा म्हटलं. झाडावरचा एकमेव कावळा पंख साफ करत बसला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळे जेवायला गेले. तू मेल्यावरसुद्धा माझं ऐकलं नाहीस, कमाल आहे बाई तुझी.

आता कालचं. तुझी नात इंजिनिअर झाली, हे तू बघितलं नाहीस. पनवेलच्या पलीकडे डोंगर फोडायचं काम चाललंय, तिथे असते. डोक्यावर टोपी, तोंडाला दोन्ही बाजूंना डबी लावलेला मास्क. मी तो हातात घेऊन तपासलाय. काल आली, हात धुतले, आणि बॅगेतून कागदाची पुडी काढून ओट्यावर ठेवली. "आई, गंमत बघ. साइटवर सगळ्या लेबरला गूळ वाटतात. मलाही दिला. म्हटलं तुला आणावा, आपल्याकडे कधी गूळच नसतो." लिंबाएवढा खडा. मी उलटा करून पाहिला, खालच्या बाजूला कच चिकटली होती. मी तिला विचारलं, तू खाल्लास का तिथे? ती म्हणाली, "छे गं, मला कुठे गूळ आवडतो."

आई, दोन नळ्या वेगळ्या असतात. मला पाठ आहे. मी किती जणांना समजावलंय, आयुष्यभर त्याचे रिपोर्ट टाइप केलेत. तिच्याकडे मास्क आहे, ती दिवसातला अर्धा वेळ ऑफिसच्या कंटेनरमध्ये असते, सगळं सगळं माहीत आहे. आणि माझ्या तोंडून तुझा आवाज निघाला. "खा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता खा." ती हसली, मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली. मी पदरानं कच पुसून खडा तिच्या हातात दिला.

हे तुला पोचणार नाही, आणि पोचलंच तर तू म्हणशील, मी काय वेगळं सांगत होते? म्हण. आज मी भांडत नाही. तिनं शेवटचा तुकडा गिळेपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही, आणि ती वर पाणी प्यायली तेव्हा मला खरंच बरं वाटलं.